चाळीस हजारांची पद्मिनी

विमा कंपनीच्या दृष्टीने वय वाढणे हा गुन्हा नसला, तरी दंडास पात्र असे वर्तन मात्र निश्चितच आहे. नव्या मोटारीची किंमत पहिल्या सहा महिन्यांतच ५ टक्क्यांनी उतरते, वर्ष पूर्ण होईपर्यंत १५ टक्क्यांनी, आणि पाचव्या वर्षी ती निम्म्यावर येते. त्यापुढे कोष्टक संपते आणि ‘उभयपक्षी संमतीने ठरेल ती किंमत’ असे एक मोघम वाक्य सुरू होते. माझी प्रीमियर पद्मिनी १९९३ सालची असल्यामुळे तिचे बहुतेक आयुष्य या मोघम वाक्यातच गेले आहे. उभयपक्षी संमती म्हणजे एजंटाने ‘चाळीस हजार’ म्हणायचे आणि मी गप्प बसायचे. गंमत अशी की, दुसऱ्याच्या नुकसानीसाठी जो सक्तीचा विमा काढावा लागतो, त्याचा ३,४१६ रुपयांचा हप्ता गाडीचे वय विचारीत नाही; १००० ते १५०० सीसीच्या कोणत्याही खासगी मोटारीला तो सारखाच. म्हणजे माझी १०८९ सीसीची पद्मिनी दुसऱ्यावर आदळली, तर ती काल शोरूममधून निघालेल्या गाडीइतकीच तरुण, आणि स्वतः मोडली, तर म्हातारी.

ती मोडली श्रावणात, कोराडीच्या देवीचे दर्शन घेऊन रात्री परत येताना. पावसाळ्यात जनावरांना ओल्या गवतापेक्षा कोरडा सिमेंटचा रस्ता अधिक मानवतो, हे नागपूरकरांस सांगावयास नको. मानकापूरच्या अलीकडे, जिथला दिवा बंद होता नेमक्या त्याच खांबाखाली, एक म्हैस रस्त्याच्या मधोमध बैठक मारून बसली होती. तिला वाचवायचे तर दुभाजक, आणि दुभाजक वाचवायचा तर म्हैस, असा पर्याय होता. देवदर्शनाहून येताना म्हशीवर गाडी घालणे सौभाग्यवतींना मुळीच पटले नसते. उजवे मडगार्ड मुडपले, जाळी आत गेली, दिव्याची वाटी निखळली आणि रेडिएटरमधून वाफ येऊ लागली. काचा मात्र साऱ्या शाबूत राहिल्या, अगदी दारातली ती छोटी त्रिकोणी काचसुद्धा. आम्हांलाही विशेष काही झाले नाही. माझे कोपर सुजले, परंतु पुढे जो भेटला त्याने आधी गाडीचीच विचारपूस केली. म्हैस तेवढी उठली, आमच्याकडे नापसंतीने पाहून दोन पावले सरकली आणि पुन्हा बसली.

विमा कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर एका सुरेल आवाजाने आधी भाषा निवडावयास सांगितली, मग धीर धरावयास सांगितले, आणि शेवटी सर्व काही ॲपवर भरावे असे सुचवले. ॲपमध्ये मोटारींच्या कंपन्यांची लांबलचक यादी होती. ज्यांचे नाव मी कधी ऐकले नव्हते अशाही परदेशी कंपन्या तिच्यात होत्या. फक्त प्रीमियर नव्हती. जिच्या टॅक्सींवर अख्खी मुंबई कित्येक दशके फिरली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी ज्या टॅक्सींना वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावरून निरोप दिला, ती गाडी मला ‘इतर’ या रकान्यात कोंबावी लागली. क्रेनवाल्याने रात्रीचा भाव म्हणून साडेतीन हजार घेतले. विम्याच्या अटींनुसार खासगी गाडी ओढून नेण्याचे जास्तीत जास्त १,५०० रुपये मिळतात, हे मी त्याला सांगून पाहिले. ‘मंग त्याईलेच बोलवा ना ओढाले,’ असे म्हणून त्याने हूक काढावयास सुरुवात केली, तेव्हा मी पाकीट काढले.

खरा अपघात दावा-अर्जाच्या दुसऱ्या पानावर झाला. तिथे ‘अपघातातील दुसऱ्या वाहनाचा नोंदणी क्रमांक’, ‘त्याच्या चालकाचे नाव व परवाना क्रमांक’ आणि ‘त्याच्या विमा कंपनीचे नाव’ असे रकाने होते. मी सर्वत्र ‘लागू नाही’ असे लिहून दिले. कार्यालयातल्या तरुण कारकुनाने अर्ज वाचला, पेन टेकवले आणि अत्यंत नम्रपणे विचारले, ‘सर, दुसरी पार्टी कोण होती?’

‘म्हैस.’

‘तिचे काही डिटेल्स?’

मी थोडा विचार केला. सरकारी योजनेत नोंदलेल्या गुराढोरांच्या कानात हल्ली पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडी क्रमांकही असतो. तेव्हा त्या म्हशीला माझ्या गाडीपेक्षा अधिक अद्ययावत ओळखपत्र असण्याची दाट शक्यता होती, आणि हे मी त्याला प्रामाणिकपणे सांगितले. त्याने ते टिपून घेतले. नंतर आलेल्या ई-मेलमध्ये ‘तृतीय पक्षाचा ओळख क्रमांक सादर करावा’ अशी त्रुटी निघाली. ती दूर करण्यासाठी मला एक स्वतंत्र निवेदन लिहावे लागले; त्यात मी म्हशीचा रंग, बसण्याची दिशा आणि घटनेनंतरची तिची प्रकृती ठीक असल्याचे नमूद केले. ते निवेदन स्वीकारले गेले. माझ्या लेखनाला इतक्या निमूटपणे मान्यता क्वचितच मिळाली असेल.

गाडी नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या मिस्त्रींकडे पोहोचवली होती. विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने पाहणीसाठी जो दिवस दिला, तो नेमका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे मारबतीचा निघाला. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या दोन भल्यामोठ्या बाहुल्या, एकोणिसाव्या शतकापासून या भागातून मिरवणुकीने निघतात, त्या दिवशी इथे माणूस मुंगीच्या पावलाने चालतो आणि मोटार तर चालतच नाही. पण सर्व्हेअर नव्यानेच बदली होऊन आलेले. ते बिचारे ढोलताशे, गुलाल आणि बडगे नावाच्या पुतळ्यांच्या मागे कुठेतरी अडकून फोनवरून ‘हा कसला मोर्चा आहे?’ असे विचारीत राहिले. इकडे रस्त्यावरचे लोक महागाईपासून डासांपर्यंत जे जे नकोसे, त्याला ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून निरोप देत होते. माझ्या हातात दावा-अर्जाची छायाप्रत होती. मोह झाला, परंतु मूळ प्रत कार्यालयातच असल्यामुळे उपयोग नव्हता.

यथावकाश ते आले. माणूस शांत होता. त्यांनी बोनेट उघडवले, कागद ठेवून पेन्सिल घासून चेसिस क्रमांकाचा ठसा घेतला आणि तो उजेडात धरून आरसी बुकाशी एकेक अंक ताडून पाहिला. किलोमीटरचा आकडा त्यांना हवा होता. तो पूर्वीच एके ठिकाणी स्थिरावला आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी तोच लिहिला. मग स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर त्यांनी उगाचच दोनदा वरखाली केला. ‘आमच्या मामांकडे होती,’ एवढेच म्हणाले. मला वाटले, जिंकलो. दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला की, मिस्त्रींचा अंदाज ३४,५०० रुपयांचा आहे, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होतो, म्हणजे ३० हजारांच्या वर जातो. सबब गाडी ‘टोटल लॉस’ धरावी लागेल.

याचा अर्थ असा की, कंपनी मला ठरलेले पैसे देणार, गाडी भंगारात जाणार आणि आरसी रद्द होणार. घरी ही वार्ता अनपेक्षित उत्साहाने स्वीकारली गेली. ‘अहो, ते आपण होऊन चाळीस हजार देत आहेत, तर घ्या की!’ सौभाग्यवती म्हणाल्या. शेजारच्या देशपांडेकाकांनी तर त्या पैशांत कोणती स्कूटर येईल याचाही हिशेब मांडला. एका मडगार्डापायी चालती-बोलती गाडी मृत घोषित करावयास निघालेल्या या व्यवहारात कोणाला काही गैर वाटत नव्हते. नवी गाडी असती, तर असाच मार खाऊन ती ‘किरकोळ नुकसान’ या सदरात मोडली असती. रोग एकच, पण म्हाताऱ्याला थेट तिरडी.

मी मिस्त्रींना गाठले. ‘अंदाज कमी करा.’

मिस्त्री माझ्याकडे पाहतच राहिले. ‘भाऊ, आमच्याकडं सारे बिल वाढवून मागाले येतेत. तुम्ही पहिलेच, जे कमी करून मागून राहिले.’

तरीही त्यांनी मनावर घेतले. रेडिएटर नवा घालण्याऐवजी झाळून घेण्याचे ठरले. मडगार्ड मुंबईहून, मोडीत निघालेल्या एका टॅक्सीचे मिळाले. काळेभोर, अंगावर पोचे असलेले, पण पत्रा अस्सल कुर्ल्याच्या कारखान्याचा. अंदाज २८ हजारांवर आला आणि गाडी पुन्हा जिवंतांच्या यादीत दाखल झाली.

मंजुरीच्या कागदावर कपातीचे शास्त्र मांडलेले होते. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वयापोटी कपात, म्हणून १४ हजारांचे सात उरले. रबर व प्लास्टिकवर ५० टक्के, म्हणून दोनाचा एक. मजुरीचे आठ हजार पूर्ण मिळाले. चार हजारांच्या रंगकामातला पाव हिस्सा रंगाच्या मालाचा मानून त्याचा निम्मा, म्हणजे ५०० रुपये कापले. घसारा न लागणारी वस्तू एकच, ती म्हणजे काच; आणि पद्मिनीने नेमकी तीच फोडली नव्हती. उरलेल्या रकमेतून गाडीमालकाने स्वतः सोसावयाचे सक्तीचे एक हजार वजा झाले, क्रेनचे दीड हजार जमा झाले आणि बदललेल्या मडगार्डाची भंगारकिंमत म्हणून ३०० रुपये वळते करून १९,७०० रुपये माझ्या खात्यावर आले. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी माझी ५० टक्क्यांची सूट, म्हणजे नो-क्लेम बोनस, मात्र गेला. तो ज्या हप्त्यावर मिळत होता, तो हप्ताच इतका किरकोळ होता की शोक करण्यासारखे फारसे काही नव्हते.

भंगारकिंमत कापून घेतल्यामुळे जुने मडगार्ड कायद्याने माझे झाले आणि मिस्त्रींनी ते मोठ्या इमानाने डिक्कीत घालून दिले. ते बाल्कनीत तुळशीशेजारी उभे असल्याचे सौभाग्यवतींना पसंत नव्हते, म्हणून रविवारी कबाडीवाल्याला वर बोलावले. त्याने काट्यावर लटकवून वजन केले आणि ९० रुपये सांगितले. मी आतून मंजुरीचा कागद आणून, कंपनीने याच मडगार्डाचे अधिकृत मूल्य ३०० रुपये ठरवले आहे, हे त्याला बोट ठेवून दाखवले.

त्याने कागद नीट पाहिला, परत दिला आणि काटा गुंडाळीत म्हणाला, ‘मंग त्याईलेच विका ना, काका.’