दगड टाकण्याआधी मर्यादवेल तरी परत लावूया

आमच्या मालवणकडच्या घराच्या आणि समुद्राच्या मध्ये वाळूचा उंचवटा होता. त्यावर मर्यादवेल, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर पसरणारी वेल, पसरलेली. आजी म्हणायची, "ती दर्याची वई (कुंपण). तिका हात लावूचो नाय." काही वर्षांपूर्वी पर्यटकांना समुद्र नीट दिसावा म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी मिळून, आम्हीही त्यात होतो, तो उंचवटा सपाट केला, वेल उपटली, खुर्च्या मांडल्या. पुढच्या दोन पावसाळ्यांत पहिल्या रांगेतले चार माड गेले. आजोबांनी लावलेले.

आता सगळ्यांची एकच मागणी: धूपप्रतिबंधक बंधारा, म्हणजे किनाऱ्यालगत दगडांची भिंत. मालवणजवळच्या देवबाग गावाची मागणी मला समजते. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. उधाणाचं पाणी अंगणात शिरलेल्या माणसाला वेली लावायला सांगणं क्रूरपणा होईल. पण जिथे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, अजून शाबूत आहे, तिथेही आधी दगडच का?

पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात. बरीचशी जवळच पाण्याखाली दांड्यासारखी साठते, आणि पाऊस सरला की शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. उंचवटा ही या देवघेवीतली शिल्लक. वाऱ्यावर उडणारी वाळू अडवून ती शिल्लक भरून काढते मर्यादवेल. दगडी भिंतीवर आपटलेली लाट मात्र मागे फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. भिंत संपते तिथे शेजाऱ्याची जमीन खचायला लागते. मग शेजारीही बंधारा मागतो.

खाडीत हेच राखणीचं काम तिवर, कांदळ, चिप्पी ही कांदळवनातली झाडं करतात. कांदळवन तोडणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांत वाळूच्या टेकड्याही कांदळवनाच्याच वर्गात, सर्वाधिक संरक्षणाच्या, आहेत. जेसीबी फिरवताना हे आमच्यापैकी कुणालाच आठवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

येत्या ग्रामसभेत मी एवढंच मागणार आहे: खुर्च्या मागे घ्या, पुढची पट्टी मोकळी सोडा, तिथे गाडी नको, सपाटीकरण नको. मर्यादवेलीच्या पेरापेराला मुळं फुटतात, त्यामुळे रोपवाटिकाही लागत नाही. शेजारच्या पुळणीवर ती अजून आहे. पाऊस लागला की तिथून फांद्या आणून आमच्या समोर लावणार आहे. वाडीतल्या कुणाला यायचं असेल तर सांगा.