टेटमचे पैसे वाया गेले म्हणणाऱ्यांनो

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. बास्केटबॉलपटू जेसन टेटमचा करार त्याच्या बॉस्टन सेल्टिक्स संघाला महागात पडला, एवढ्या पैशांत दोन धडधाकट खेळाडू आले असते, वगैरे. तिथे दोन ओळी लिहून माझं समाधान झालं नाही, म्हणून इथे लिहितेय.

जुलै २०२४मध्ये सेल्टिक्सने टेटमशी पाच वर्षांसाठी ३१ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. तेव्हाच्या भावाने आपले साधारण २,६०० कोटी रुपये. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला तोवरचा सगळ्यात मोठा करार. महिनाभर आधीच त्याने संघाला विजेतेपद जिंकून दिलं होतं, त्यामुळे तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणी कुरकुरलं नाही.

मग १३ मे २०२५ची सकाळ. न्यूयॉर्कमध्ये अजून १२ तारखेची रात्र होती. मी पडवीत मोबाईलवर सेल्टिक्सचा सामना लावून बसले होते, दादा मागे चहाचा कप घेऊन उभा. टेटम ४२ गुणांवर होता. शेवटची तीनेक मिनिटं उरली असताना सुटलेल्या चेंडूकडे झेपावला आणि कुणाचा धक्का नसताना खाली कोसळला. समालोचक काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "तुटलं." टाचेमागची शीर, अकिलीस, खरंच तुटली होती. दादाने कप कठड्यावर ठेवला आणि आत निघून गेला.

आणि नवा करार लागू होणार होता पुढच्या, २०२५-२६च्या मोसमापासून. म्हणजे पहिल्याच वर्षाचे सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर अशा मोसमाचे, ज्याची सुरुवातच त्याने मैदानाबाहेर बसून केली. "घरी बसून पगार" हे वाक्य ग्रुपवर आलं ते इथून.

माझा दादा गोलकीपर होता. इथल्याच एका क्लबकडून खेळायचा, नाव घेत नाही. मोसमाचे पैसे तीन हप्त्यांत ठरले होते. पहिला हप्ता मिळाला, आणि दुसऱ्याच्या आधी सरावात गुडघ्याचं लिगामेंट गेलं. तो कागद अजून आईच्या कपाटात साड्यांखाली आहे. खेळण्यास असमर्थ ठरल्यास उर्वरित रक्कम देणे क्लबवर बंधनकारक नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सही करताना दादा एकवीस वर्षांचा होता, त्याने फक्त आकडा वाचला. ऑपरेशन बाबांच्या पीएफमधून झालं. आधी चतुर्थीला गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला शिडीवर तोच चढायचा. आता तो खाली उभा राहून सुपारीचा घड कुठे, तोरिंगण कुठे ते सांगतो, आणि आरतीनंतर आम्ही सगळे खाली बसतो तेव्हा तो खुर्ची ओढतो.

म्हणून टेटमच्या करारात मला आकड्याआधी हमी दिसते. एनबीएमधले असे मोठे करार बहुतेक पूर्ण हमीचे असतात. पाय तुटला तरी पैसे थांबत नाहीत. अमेरिकन फुटबॉलमध्येसुद्धा सरसकट अशी हमी नाही. तो चेंडूकडे तसा झेपावला, सत्ताविसाव्या वर्षी शरीर पणाला लावून, त्याचीच ही किंमत आहे. खेळाडू त्या मोसमात किती सामने खेळला एवढंच मोजून ती ठरत नाही.

आता आकडा. लीगच्या उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा खेळाडूंचा, हे मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत ठरलेलं आहे. प्रत्येक संघाच्या पगाराला मर्यादा असते, २०२५-२६ची सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर. टेटमसारख्याला नव्या कराराच्या पहिल्या वर्षी त्यातले जास्तीत जास्त ३५ टक्के घेता येतात. त्याने तेवढेच घेतले, नियमाबाहेरचा एक डॉलर नाही. दुसरीकडे सेल्टिक्सच्या मालकांनी २००२मध्ये ३६ कोटी डॉलरला घेतलेला संघ २०२५मध्ये ६१० कोटी डॉलरच्या भावाने विकला. त्या भावात टेटमच्या खेळाचाही वाटा आहे. पण मालकाला जास्त मिळाले का, यावर आमच्या ग्रुपवर कधी एक मेसेज आला नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो झोंबतोही. २०२३च्या नियमांमुळे पगाराची, त्या मर्यादेच्याही वरची, ठरावीक रेषा ओलांडणाऱ्या संघांचे हात बांधले जातात, खेळाडूंची अदलाबदल कठीण होते. त्यामुळे २०२५च्या उन्हाळ्यात बॉस्टनने ड्रू हॉलिडे आणि पोर्झिंगिसला दुसरीकडे पाठवलं. हॉर्फोर्डही गेला. टेटम आणि जेलन ब्राऊन दोघांचे मोठे करार नसते, तर विजेत्या संघातली ही माणसं कदाचित राहिली असती. चाहती म्हणून मला याचं वाईट वाटतं. पण तेवढ्यासाठी टेटमने कमी घ्यायला हवे होते, हे मला पटत नाही. तो तिथे २०१७ला आला, तेव्हा पहिला करार ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, क्रमानुसार ठरलेल्या पट्टीतला होता, घासाघीस करायला जवळपास वावच नव्हता. त्या वर्षांत त्याने संघाला पगारापेक्षा कितीतरी जास्त दिलं, तेव्हा कुणी त्याला वरचे पैसे देऊ केले नाहीत.

हा करार पैसे वसूल आहे. उद्या तो पूर्वीसारखा उडी मारू शकला नाही, तरी माझं मत बदलणार नाही.

मी वकिलांच्या ऑफिसात काम करते, दिवसभर करारच वाचते. तुमच्या घरातला, वाड्यावरचा कुणी मुलगा यंदा एखाद्या क्लबसाठी सही करणार असेल, तर सहीच्या आधी दुखापतीचं कलम शोधा. नसेल, तर लिहून मागा. कळत नसेल तर कागद मला मेसेजवर पाठवा. मी रात्री बसून वाचते आणि सकाळपर्यंत सांगते. पैसे नकोत.