रँडम कॅटलॉग म्हणजे 'खोट्या दीर्घिका' नव्हेत

एक दावा सध्या बराच फिरतोय: दीर्घिकांच्या सर्वेक्षणात संगणकाने बनवलेल्या लाखो खोट्या दीर्घिका मिसळतात, म्हणूनच सुमारे 150 मेगापार्सेकवरचा (सुमारे 49 कोटी प्रकाशवर्षं) तो प्रसिद्ध उंचवटा दिसतो, म्हणजे तेवढ्या अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या थोड्या जास्त सापडतात. पुरावा म्हणून आलेखातले बिंदू 'संशयास्पद गुळगुळीत' असल्याचंही सांगतात.

'मिसळतात': कुणीच मिसळत नाही. रँडम, म्हणजे सर्वेक्षणाच्याच क्षेत्रात संगणकाने यदृच्छया विखुरलेले बिंदू, वेगळ्या फाइलीत (रँडम कॅटलॉगमध्ये) असतात आणि सर्वेक्षणाचा आकार मोजायला लागतात. सर्वेक्षणाच्या काठावरच्या दीर्घिकेभोवतीचा अर्धा गोल सर्वेक्षणाबाहेर पडतो, शेजारी कमी भरतात. रँडम जोड्याही तिथे तेवढ्याच प्रमाणात घटतात, आणि भागाकारात हा दोष निघून जातो. लँडी आणि सालाय यांचं 1993 चं सूत्र असं: (डीडी − 2डीआर + आरआर) ÷ आरआर. डीडी म्हणजे दीर्घिका-दीर्घिका जोड्या, डीआर दीर्घिका-रँडम, आरआर रँडम-रँडम. अंतराच्या एका कप्प्यात डीडी 0.00202 आणि उरलेले दोन्ही 0.00200 आले, तर उत्तर 0.01, म्हणजे एक टक्का जादा जोड्या. हे आकडे एकूण शक्य जोड्यांनी भागलेले हवेत. रँडम बिंदू दीर्घिकांच्या 50 पट असताना भागायचं राहिलं, तर आरआर 2500 पट फुगतो आणि उत्तर कचऱ्यात.

'रँडम बदलून उंचवटा हवा तिथे आणता येतो': मास्क (आकाशाचा कोणता भाग पाहिला याचा नकाशा) चुकला तर मोठ्या अंतरांवर वक्र सावकाश वर-खाली सरकतो, ठरावीक अंतरावर अरुंद उंचवटा त्यातून उगवत नाही. 2005 मध्ये स्लोन आणि टूडीएफ या दोन वेगळ्या सर्वेक्षणांत ही खूण सापडली, दोन वेगळ्या दुर्बिणींतून. रँडममध्ये खरे धोके आहेत, पण ते भलतीकडे. रँडमना रेडशिफ्ट (ज्यावरून अंतर काढतात) खऱ्या दीर्घिकांच्या डेटातूनच वाटले, तर दृष्टिरेषेच्या दिशेतली खरी चढउतार थोडी पुसली जाते, म्हणजे संकेत घटतो. दुसरा धोका: स्लोनच्याच पुढच्या बॉस सर्वेक्षणात दीर्घिकांचा प्रकाश टिपणारे दोन फायबर 62 विकलांपेक्षा (आर्कसेकंद) जवळ बसत नसत, त्यामुळे जवळच्या जोडीतली एक दीर्घिका हुकायची. हुकलेल्या दीर्घिकेचं वजन शेजारणीला दिलं की मोठी अंतरं सावरतात, अगदी लहान अंतरं नाही.

'बिंदू गुळगुळीत': असणारच. शेजारच्या कप्प्यांत त्याच दीर्घिका पुन्हा पुन्हा मोजल्या जातात, त्यामुळे बिंदू एकत्रच हलतात. म्हणून सुट्या एरर बारवरून नजरेने फिट ठरवू नये. मॉकवरून, म्हणजे संगणकात घडवलेल्या नकली सर्वेक्षणांवरून, काढलेला पूर्ण कोव्हेरिअन्स (कोणते बिंदू किती एकत्र हलतात याचं मॅट्रिक्स) लागतो. आणि मॉक पुरेसे हवेत: 40 कप्पे, 1000 मॉक असतील तर फिटसाठी लागणाऱ्या त्याच्या व्यस्त मॅट्रिक्सला 0.96 ने गुणावं लागतं. 50 मॉक असतील तर 0.16 ने. 40 च मॉक असतील, तर मॅट्रिक्स उलटतच नाही.