पद्मिनी नेमकी कधी आली? (आणि त्यावरून आम्ही कसे भांडलो)

आमचा सहा-सात जणांचा एक रिकामा उद्योग चालू आहे. जुन्या भारतीय गाड्यांची मॉडेलवार माहिती एका गूगल शीटमध्ये भरायची. कुठली गाडी कधी आली, किती सीसी, बंद कधी झाली. ऐकायला सोपं वाटतं ना? गेल्या महिन्यात एका रकान्यावरून तीन दिवस जुंपली होती, दोघं ग्रुप सोडून गेले, त्यातला एक रात्री परत आला. रकाना कुठला, तर प्रीमियर पद्मिनी, सुरुवातीचं वर्ष.

एक म्हणे १९६४. दुसरा म्हणे १९७४. दोघंही छातीठोक. त्यात तिसऱ्याने "आमच्या आजोबांकडे ६८ ची पद्मिनी होती" म्हणून आणखी तेल ओतलं. शेवटी एक जण म्हणाला, पोल घेऊया. पोल!! अहो, कुर्ल्याच्या कारखान्यातनं गाडी कधी बाहेर पडली हे आपण ५०-६० वर्षांनी मोबाईलवर बोट दाबून ठरवायचं?

मला तर पोल म्हटलं की डोकंच फिरतं, कारण भांडण मुळात वेगळंच होतं. ही गाडी आपल्याकडे १९६४ ला फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, मधे थोडा काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. अंगकाठी तीच, १०८९ सीसीचं इंजिन तेच, पाटी बदलली. म्हणजे एक जण जन्मतारीख सांगत होता आणि दुसरा बारशाची, आणि दोघं एकमेकांना खोटं पाडत होते. आजोबांची ६८ ची गाडी अर्थात फियाट. तसं पद्मिनीलाही लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले, त्यामुळे आजोबांना दोष नाही, नातवाला आहे.

म्हणून मी सरळ "कधी आली" हा रकानाच उडवला. त्याजागी चार केले: लोकांना पहिल्यांदा दाखवली कधी, लाँच कधी, गिऱ्हाइकाच्या हातात कधी, आणि हे नाव कधीपासून. टाटाच्या इंडिकाचा वाद त्याच दिवशी मिटला. दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली जानेवारी १९९८, लाँच ३० डिसेंबर १९९८, म्हणजे बहुतेकांच्या दारात ती ९९ मध्येच उभी राहिली. आता "९८ की ९९" म्हणून किती का भांडा.

शेवटचं वर्ष मात्र अजून छळतंय. पद्मिनीचं उत्पादन कोणी २००० ला संपवतं, कोणी २००१ ला. आणि एक काका आरसी बुकाचा दाखला देऊन २००३ वर अडून बसलेत. काकांचंही चूक म्हणता येत नाही, मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा म्हणूनच ऑक्टोबर २०२३ मध्ये काळ्यापिवळ्या पद्मिनीला निरोप दिला सगळ्यांनी. पण काका, नोंदणीची तारीख म्हणजे गाडी बनल्याची तारीख नव्हे हो! बनलेली गाडी कुठेतरी उभी राहू शकते. त्याच पुस्तकात उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं लिहिलेलं असतं, ते बघा की.

सगळ्यात वैताग आला तो वेगळ्याच प्रकाराने. आमच्यातल्या एकाने पूर्वी कुठेतरी अंदाजाने एक वर्ष टाकून दिलं होतं. ते एका पेपरवाल्याने उचललं, आणि परवा त्या पेपरचं कात्रण आमच्याच ग्रुपवर "हा घ्या पुरावा" म्हणून आलं. आपणच सोडलेली पुडी फिरून आपल्याच दारात! तेव्हापासून माझा नियम, छापून आलंय एवढ्याने भागणार नाही, त्याने ते कुठून घेतलं ते सांगा. त्या वेळची जाहिरात, कंपनीचं माहितीपत्रक, मालकाला मिळालेलं मॅन्युअल, हे पुढे. वीस वर्षांनी लिहिलेला आठवणींचा लेख मागे. आणि जुळलंच नाही तर दोन्ही वर्षं ठेवायची, प्रत्येकापुढे आधार लिहून, मधलं वर्ष काढून मांडवली करायची नाही.

जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या आठवणी मात्र मी कधीच फेकत नाही. गियर स्टेअरिंगला होता, पुढे सलग सीट होती, बॉनेट कसं उघडायचं, हे ते झोपेतही बरोबर सांगतात. वर्ष विचारलं की गडबड. म्हणून वर्ष विचारायचंच नाही, "आणीबाणी लागली तेव्हा गाडी दारात होती का?" "थोरलीच्या जन्माआधी की नंतर?" असं विचारायचं. मग बरोबर पटापट सांगतात, वर घरातली दोन भांडणंही सांगतात.

तर मंडळी, कुणाच्या कपाटात फियाटचं किंवा पद्मिनीचं जुनं आरसी बुक, बिल, मॅन्युअल असेल तर उत्पादनाच्या वर्षाच्या पानाचा फोटो काढून इनबॉक्समध्ये टाका. नाव, पत्ता, नंबर झाकून. २००० नंतरचं असेल तर आधी टाका, काका वाट बघतायत.