मावशींच्या मरणाची शपथ

कालपासून माझा पांढरा शर्ट बादलीत भिजतोय आणि बेरबेरे मसाल्याचा लाल डाग साबणाला काडीची दाद देत नाही. इथिओपियात, अदिस अबाबात नोकरीला आलेल्या परक्या माणसाला रविवारी जेवायला बोलावलं नाही, तर इथल्या लोकांना बहुधा झोप लागत नाही. गेलो. परातीत इंजेरा पसरलेला, म्हणजे तेफच्या पिठाची आंबोळीच म्हणा, पण भलतीच आंबट. तिच्यावर कालवणांचे ढीग आणि सगळ्यांचे हात एकाच परातीत. इथवर तक्रार नाही.

मी शाकाहारी. इथे ते सांगायची सोपी युक्ती म्हणजे 'त्सोम', उपास आहे म्हणायचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, अंडी शिवत नाहीत. ईस्टरआधी तर सलग 55 दिवस. अडचण एवढीच, की काल रविवार होता.

सहकाऱ्याच्या मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. भाचा दुभाष्या.

"आज कसला उपास?"

"माझा रोजच असतो."

"मग सोडणार कधी?"

"सोडायचा नाहीये."

मावशींनी डाव खाली ठेवला. अंगावरची पांढरी ओढणी, म्हणजे इथली 'नेतेला', सावरत त्या माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "असं केलंस तरी काय, बाळा?"

काही केलं नाही, आमच्या घरी सगळेच असे, असं म्हटल्यावर तर त्यांचे डोळे भरून आले. "आईसुद्धा?" मग चौकशी आजोबांपर्यंत गेली. त्यांच्या हातून कुणाचा खून वगैरे? आजोबा पोस्टात होते, हे सांगूनही संशय फिटला नाही. ओळखीचे एक पाद्री आहेत, ते सोडवतील यातून, असं ठरलं.

पाद्री भेटेपर्यंत निदान डाळ तरी पोटभर खा, म्हणून त्यांनी गुर्शा करायला घेतला. आपल्या हाताने दुसऱ्याच्या तोंडात घालायचा घास. घास कसला, मूठच; माया जितकी जास्त तितकी मूठ मोठी. मी मान फिरवली तर "बेमोते!" म्हणजे माझ्या मरणाची शपथ. व्हिसावर राहणाऱ्याने कशाला कुणाच्या म्हातारीचं मरण अंगावर घ्या? 'आ' केला. अंगठा थेट दाढेपर्यंत आणि ओघळ हनुवटीवरून कॉलरवर. एकावर थांबायचं नसतं म्हणून दुसरा, मग तिसरा. पाठोपाठ माझा मॅनेजर, ड्रायव्हर, शेजारची शाळकरी पोरगी. चाळिशी उलटलेल्या माणसाने भरवून घेताना बघायचं कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही.

पण खरा राग शर्टाचा नाही. त्या रांगेत आमचा स्टोअरकीपरही होता. ऑफिसातली माझी खुर्ची एक चाक गमावून लंगडतेय, नवी खुर्ची गोदामात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पडून आहे, आणि अडलंय ते याच्या सहीवाचून. कधीही विचारा, "इशी, नेगे." बरं, उद्या. काल माझ्या तोंडात चारही बोटं घालणारा हा माणूस कागद पुढे आला की ती बोटं ठेवतो कुठे? बरं, माया खोटी असती तर आवाज तरी चढवला असता. तीही सोय नाही.

आज सकाळी पुन्हा गेलो. "इशी, इशी, बसा की." कोपऱ्यात धूप पेटवून कॉफीवाल्या बाई हिरवे दाणे भाजत होत्या. कॉफीची ही जन्मभूमी. इथे नुसता कप नसतो, तीन फेऱ्या असतात, अबोल, तोना, बरका. तिसरी आशीर्वादाची, ती न घेता उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. दाणे भाजा, कुटा, जेबेनात, म्हणजे मातीच्या किटलीत, उकळा. बरका संपेस्तोवर गोदामाच्या चाव्या खिशात टाकून शिपाई जेवायला गेलेला.

मी जेवलो का, हे स्टोअरकीपरने फार काळजीने विचारलं. उत्तराची वाट न बघता तो हात धुवायला उठला.