काफ्का फडतूस कारकून नव्हता, आणि ते झुरळही नव्हतं

दर ३ जूनला, जर्मन भाषेत लिहिणाऱ्या काफ्काच्या पुण्यतिथीला, एक मजकूर हमखास फिरतो : ‘फ्रान्झ काफ्का हा प्रागमधल्या विमा कंपनीतला फडतूस कारकून. हयातीत एक ओळ छापून आली नाही. माणसाचं झुरळ होतं अशी गोष्ट लिहिली, अस्तित्ववादाचा पाया घातला आणि मरताना सगळं जाळायला सांगून गेला.’ यातलं प्राग तेवढं पूर्ण खरं.

आधी नोकरी. खाजगी विमा कंपनीत तो वर्षभरही टिकला नाही. जुलै १९०८ पासून १९२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेत होता. शिक्षण कायद्यातली डॉक्टरेट, कचेरी सकाळी ८ ते दुपारी २, निवृत्तीच्या वेळी हुद्दा वरिष्ठ सचिवाचा. कारखान्यांची धोक्यानुसार वर्गवारी लावणं, हप्ता जास्त लावला म्हणून भांडणाऱ्या मालकांना उत्तरं देणं, अपघात टाळण्याचे उपाय सुचवणं, ही कामं. १९१० च्या सुमारास त्याने लाकूड रंधण्याच्या यंत्रांवर लिहिलेलं टिपण वाचावं. चौकोनी शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) पाती उघडीच बसवलेली असतात, मिनिटाला ३,८०० ते ४,००० फेरे. चौकोनामुळे शाफ्ट आणि टेबल यांत मोठी फट राहते. फळी सरकवताना उसळली की हात थेट त्या फटीत, आणि बोटांची पेरं गेली. कामगार कितीही सावध असो. उपाय : गोल शाफ्ट. पाती आत दाबून बसवलेली, फट अरुंद. बोट गेलंच तर किरकोळ जखम. हे सगळं आकृत्यांसह. चारच वर्षांनी त्याने दंडवसाहतीच्या कथेत शिक्षेचं यंत्र रचलं : खाली पलंग, वर आखणी करणारा भाग, मध्ये सुयांचं दाताळं. ते इतकं नेमकं कसं उतरलं, याचं उत्तर मला तरी कचेरीतच सापडतं.

छापून आलं नाही? पहिलं पुस्तक १९१२ च्या अखेरीस आलं. मग १९१३ मध्ये एक पुस्तक आणि एका वार्षिकात एक कथा, १९१५ मध्ये ‘रूपांतर’ (हीच ती झुरळाची म्हणून सांगतात ती गोष्ट), १९१९ मध्ये दंडवसाहत, पाठोपाठ ‘खेड्यातला डॉक्टर’. न छापलेल्या राहिल्या त्या तिन्ही कादंबऱ्या, त्याही अपुऱ्या.

झुरळाचं म्हणाल तर मूळ जर्मन शब्द आहे ‘उनगेत्सीफर’ : उपद्रवी, किळसवाणा जीव. जात सांगितलेलीच नाही. पाठ कवचासारखी टणक, पोट तपकिरी आणि कमानदार पट्ट्यांचं, पाय बारीक आणि पुष्कळ. मोलकरीण त्याला शेणकिडा म्हणते, पण ती तिची हाक. मुखपृष्ठावर किडा काढू नका, लांबूनही दाखवू नका, असं काफ्काने १९१५ मध्ये प्रकाशकाला कळवलं होतं. आपल्याकडची मुखपृष्ठं मात्र मिशा काढल्याशिवाय राहत नाहीत.

अस्तित्ववादाचा पाया? काफ्का १९२४ मध्ये वारला. या विचाराचे मोठे तत्त्वज्ञ म्हणजे हायडेगर आणि सार्त्र. हायडेगरचा मुख्य ग्रंथ १९२७ चा, सार्त्रचा १९४३ चा. या विचाराचा पूर्वज मानला जाणारा किर्केगार्द काफ्काने वाचला होता, १९१३ च्या डायरीत तशी नोंद आहे. पण संप्रदाय काढला नाही. सार्त्र-काम्यूंनी त्याला मागाहून आपल्या कुळात ओढलं.

राहिलं जाळणं. मित्र माक्स ब्रोडसाठी दोन चिठ्ठ्या होत्या. नोव्हेंबर १९२२ च्या चिठ्ठीत छापलेली पाच पुस्तकं आणि ‘उपोषण-कलावंत’ ही कथा एवढंच ग्राह्य म्हटलंय. ती पुन्हा छापू नयेत, पण कुणाकडे असली तर असू देत. जाळायचं ते बाकीचं. ब्रोडने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की हे माझ्याच्याने होणार नाही. आणि मे १९२४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या कीर्लिंगच्या सॅनेटोरियममध्ये, घशाच्या क्षयाने बोलणं बंद झालेलं असताना, हा माणूस त्याच कथेच्या संग्रहाची प्रुफं तपासत होता.