‘मग गोरिला कुठे जातील?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा त्यातला एक मुद्दा चांगलाच लागला, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितेय. युगांडात राष्ट्रीय उद्यानांसाठी जंगलाबाहेर काढलेल्या बट्वा या वनवासी लोकांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मध्य आफ्रिकेतल्या ठेंगण्या वनवासींना सरसकट लावला जाणारा ‘पिग्मी’ हा शब्द मी बिनदिक्कत वापरला, माणसं जंगलातून हलवली म्हणूनच डोंगरी गोरिला वाचले, हे मी सोयीस्करपणे दडवलं, काँगोत हेच लोक जंगलात परतले तेव्हा त्यांनी झाडं तोडून कोळसा पाडला, त्यावर अवाक्षर नाही. आणि शेवटी, ‘सहा-सात हजार लोकांसाठी जगाने किती थांबायचं?’

शब्दाचं आधी. आपल्याकडे पिग्मी म्हटलं की पतसंस्थेचा एजंट डोळ्यांपुढे येतो. एका मैत्रिणीने तर शीर्षक बघून मला व्याजदर विचारला. मूळ ग्रीक शब्द मुठीवरून, कोपर ते मूठ या मापावरून आलेला, म्हणजे माणसाला मोजूनच ठेवलेलं नाव. काँगो प्रजासत्ताकाने २०११च्या कायद्यात त्यावर बंदी घातली, तर शेजारच्या लोकशाही काँगोने २०२२मध्ये हक्कांचा कायदा केला त्याच्या नावातच तो शब्द आहे. या एकाच नावाखाली कोंबलेल्या बाका, अका, म्बुटी, बट्वा या जमातींची भाषाही एक नाही. तेव्हा बट्वांबद्दल लिहिताना बट्वाच म्हणायला हवं होतं, हे मान्य. शीर्षक बदललंय. (रवांडात १९९४च्या नरसंहारानंतर जमातींची नावं घेणंच बंद झालं. बट्वांना आता सरकारी भाषेत ‘इतिहासाने मागे ठेवलेले लोक’ म्हणतात. ठेवलं कुणी, तर म्हणे इतिहासाने!)

आता गोरिला. ते वाढले, यात वाद नाही. २०१८पर्यंतच्या गणनांमध्ये जगात १,०६३ डोंगरी गोरिला भरले, त्यातले ४५९ युगांडातल्या बविंडी जंगलाच्या बाजूचे. पण ते वाचले त्यात रोजची गस्त आहे, थेट जंगलात जाऊन उपचार करणारे पशुवैद्य आहेत, पर्यटनाचा पैसा आहे. बट्वा गोरिला खात नाहीत, तसा निषेधच आहे त्यांच्यात. हरणांसाठी लावलेल्या फासात गोरिलाचा हात अडकू शकतो, हे मात्र खरं, आणि ते मी लिहायला हवं होतं. तरी जंगल मागे हटत गेलं ते मुख्यतः शेतीमुळे. आज बविंडीची हद्द बघा : अलीकडे डोंगराच्या टोकापर्यंत शेतं, पलीकडे एकदम गर्द झाडी.

१९९१मध्ये बविंडी आणि म्गाहिंगा ही राष्ट्रीय उद्यानं झाली. भरपाई कुणाला मिळाली? ज्यांनी जंगल साफ करून शेत केलं होतं, त्यांना. कारण त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं : बांध, पीक, घर. बट्वांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे मध काढला, कंद खणले, शिकार केली, पानाफांद्यांच्या झोपड्या बांधल्या आणि मोडल्या. जंगल होतं तसं राहिलं आणि तेच त्यांना नडलं. बहुतेकांच्या हातात काहीच पडलं नाही.

मला हे कळायला वेळ लागला, कारण आपण ‘कसेल त्याची जमीन’ ऐकत मोठे झालोय. ती घोषणा न्याय्यच होती. पण जो कसतच नाही, त्याचं काय? वहिवाट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नांगर येतो. मधाच्या पोळ्याची वहिवाट कुठल्या सातबाऱ्यावर चढवायची? युगांडाच्या कायद्यालाही हेच दिसलं नाही. बट्वा २०१३मध्ये कोर्टात गेले. २०२१च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मान्य केलं की योग्य भरपाई न देता या लोकांना बाहेर काढल्यामुळे ते भूमिहीन आणि निराधार झाले. दाद काय द्यायची, ते ठरवायला प्रकरण खालच्या न्यायालयाकडे गेलं. म्हणजे गोरिला असतानाही त्यांच्या हक्काचा विचार करता येतो, असं निदान एका न्यायालयाला वाटलं.

कोळशाचा मुद्दा सगळ्यात जास्त लागला, कारण तो खरा आहे. लोकशाही काँगोच्या पूर्वेकडचं काहुझी-बिएगा उद्यान १९७०चं, १९७५मध्ये ते वाढवलं, आणि तिथून हजारो बट्वा बाहेर काढले गेले. २०१८मध्ये काही गट परत आत शिरले. संघर्ष झाला, माणसं मेली, आणि हो, झाडंही तुटली, कोळसाही पडला. आदिवासी म्हणजे जन्मजात वनरक्षक, असं मी लेखात जवळजवळ सूचित केलं होतं, आणि ती माझी भाबडी चूक. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या शेताच्या कडेला मजुरी करून जगलेला माणूस परततो, तेव्हा त्यालाही रोख पैसा लागतो. तो कोळसा शहरांतल्या चुलींसाठी जातो, धंद्यात व्यापारी आहेत, बंदूकवाले आहेत. आपल्याकडे कोळशाच्या भट्टीवर राबणारा कातकरी आणि उचल देणारा ठेकेदार यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. आफ्रिकेच्या मानवी हक्क आयोगाने या प्रकरणात दिलेला निर्णय २०२४मध्ये जाहीर झाला, तोही बट्वांच्या बाजूने. कोळशाचं सगळं समोर येऊनही.

राहता राहिलं ‘किती थांबायचं’. इथे मात्र आपलं जमणार नाही. बट्वांसाठी कुणी थांबलेलं नाही. रवांडात परदेशी पर्यटकाला गोरिला बघण्याच्या एका परवान्याला १,५०० डॉलर पडतात आणि लोक रांगेने देतात. म्गाहिंगात ‘बट्वा ट्रेल’ म्हणून एक फेरी आहे : बट्वा वाटाडे पर्यटकांना जंगलात नेतात, आग कशी पेटवायचो, मध कसा काढायचो, ते करून दाखवतात. जंगलात आपण कसं जगायचो, याचा प्रयोग करायला त्यांना आत सोडतात. खेळ संपला की पर्यटकांबरोबर त्यांनीही बाहेर यायचं.

काहुझी-बिएगावरचा परिच्छेद आणि फासांबद्दलची दुरुस्ती मूळ लेखात आज टाकली आहे. तुमचा आक्षेपही तिथेच खाली ठेवलाय, काटछाट न करता.